सही करण्याआधी वाचून दाखवा!

आमच्या तालुक्याच्या गावी एका तरुण लेखकाच्या घरी, पलंगाखाली, त्याच्याच कादंबरीच्या तीनशे चाळीस प्रती पडून आहेत. छापल्या होत्या पाचशे. छपाईसाठी लागलेले साठ हजार त्याच्या आईने बचत गटातून उचलले आणि त्याचे हप्ते ती माउली अजून फेडते आहे. प्रकाशन १४ एप्रिलच्या आठवड्यात थाटात झाले. बुद्धमूर्ती दिली, शाल दिली, व्यासपीठावरून सात जण बोलले. 'क्रांतिकारी', 'विद्रोही', 'वास्तवाचा दाहक दस्तऐवज' हे शब्द सातही जणांनी वापरले. त्या सातांपैकी पुस्तक पूर्ण वाचलेला एकही नव्हता. हे आम्ही खात्रीने सांगू शकतो, कारण त्या सातांत आम्हीही होतो.

कादंबरी नामांतराच्या लढ्यावर आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि त्याच्या मागोमाग मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. कादंबरीची नायिका तेव्हा दहा वर्षांची आहे. शेवटचे प्रकरण १४ जानेवारी १९९४चे, नामविस्ताराच्या दिवसाचे. नायिका विद्यापीठाच्या गेटसमोर उभी आहे आणि शेजारी तिचा कॉलेजात शिकणारा मुलगा आहे. प्रसंग वाचताना डोळे भरून येतात. आमचेही आले असते, वाचला असता तर.

चूक पकडली ती आमच्या वस्तीतल्या एका आजीने. आजीला अक्षरओळख नाही. नातीने रोज संध्याकाळी चार-पाच पाने वाचून दाखवत पुस्तक संपवले. मग एक दिवस विहारात लेखक समोर दिसला तेव्हा आजी म्हणाली, "बाळा, जाळपोळ झाली तवा ती पोर धा वर्साची म्हनतोस. मग चौऱ्याण्णवला तिचं पोरगं कालेजात कसं? आठव्या वर्सी बाळंत झाली का ती? मग जळत्या घरातून पळताना तिच्या कडंवर पोरगं पायजे होतं की!"

सगळे हसले. लेखकही हसला, पण घरी जाऊन तो दोन दिवस बाहेर आला नाही.

इथवर असते तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण तीच चूक एका विद्वान गृहस्थांनाही सापडली. त्यांनी एका वर्तमानपत्रात लिहिले की, ज्या लेखकाला आपल्या नायिकेचे वयदेखील सांभाळता येत नाही, त्याने रंगवलेल्या जाळपोळीवर वाचकाने किती विश्वास ठेवायचा? बघा, कशी उडी मारली! नायिका काल्पनिक, तिचे वय काल्पनिक, चूक त्या वयाची. आणि संशय घेतला तो खरोखर घडलेल्या जाळपोळीवर. त्या गृहस्थांचा हेतू काय होता ते आम्ही जाणतो. पण त्यांच्या हातात दगड कोणी दिला, हेही आज बोलले पाहिजे.

दगड आम्ही दिला. प्रकाशनाच्या चार महिने आधी त्या पोराने कादंबरीची पीडीएफ आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवली होती. "दादा, जमतंय का सांगा," असे लिहिले होते. आम्ही चाळीस पाने चाळली आणि उत्तर धाडले, "जबरदस्त! छापून टाक. क्रांतिकारी जय भीम!" सोबत निळ्या रंगाची तीन हृदये. त्याने विचारले होते 'जमतंय का', आम्ही उत्तर दिले 'शाब्बास'. प्रश्न एक, उत्तर दुसरेच. चळवळीत एकमेकांना मोठे म्हणायची जी सवय लागली आहे, तिने असे किती लेखक बुडवले असतील!

आम्ही व्यवसायाने सामाजिक कार्यकर्ते आहोत. अत्याचाराच्या प्रकरणात फिर्यादीबरोबर पोलीस ठाण्यात जाणे हे आमचे नेहमीचे काम. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. या कायद्याच्या कलम ४ मध्ये अधिकाऱ्याचे एक साधे कर्तव्य लिहिले आहे. फिर्यादीने तोंडी सांगितलेली माहिती लिहून घेतल्यावर, सही घेण्याआधी, ती फिर्यादीला वाचून दाखवायची. कारण सरळ आहे. सांगणाऱ्याच्या मनात एक असते, कागदावर दुसरे उतरते, आणि पुढे कोर्टात उलटतपासणीला कागदच उभा राहतो. 'घराच्या मागे' असे सांगितले होते आणि कागदावर 'घरासमोर' आले, एवढ्यावरून माणसाचे सगळे खरेपण पणाला लागते. म्हणून आम्ही बायाबापड्यांना शंभर वेळा बजावतो, वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि साहित्यात मात्र आम्हीच आमच्या पोरांच्या कोऱ्या कागदावर सह्या घेतो.

इथे कोणी म्हणेल, आणि आमच्या मित्रांनी म्हटलेही, की कथा ही फिर्याद नव्हे. सवर्ण लेखकाच्या कादंबरीत भूत येते, पुनर्जन्म होतो, नायक चार पानांत कारखानदार होतो, तेव्हा कोणी उलटतपासणी घेत नाही. मग आमच्याच कथेला पुरावा का मागता? आक्षेप रास्त आहे. दलित लेखकाने काहीही लिहिले तरी ते आत्मकथन समजायचे आणि मग ते 'खरे घडले का' म्हणून तपासायचे, ही समीक्षेतली जुनी खोड आहे. तिला कल्पनेचा अधिकार फक्त एकाच वर्गाकडे ठेवायचा आहे. ही मक्तेदारी आम्ही मानत नाही. आमच्या कथेतही भूत येऊ द्या, आमचा नायकही चंद्रावर जाऊ द्या.

पण भूत दुसऱ्या पानावर भिंतीतून आरपार जात असेल आणि नवव्या पानावर बंद दारापाशी अडत असेल, तर का अडले हे सांगावे लागेल. कथेने स्वतःच घातलेला नियम कथेने पाळायचा. यात ब्राह्मणी सौंदर्यशास्त्र कुठेच नाही. दहा अधिक सोळा सव्वीस, हे विहारातही सव्वीसच असतात.

अडचण अशी की हा नियम मोडलेला लिहिणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. त्याला कथा आधीपासून माहीत असते. कागदावर नसलेले तो मनातून भरून वाचतो. समाजशास्त्रात एम. ए. करत असताना आम्ही वस्तीत सर्वेक्षणासाठी प्रश्नावली केली होती. पहिलाच प्रश्न होता, 'आपल्या कुटुंबात एकूण किती सदस्य आहेत?' आम्हाला वाटले, यापेक्षा सोपे काय असणार? पूर्वचाचणीला गेलो तर एक काका म्हणाले, "सदस्य कुणीच नाही साहेब, आमच्या घरातल्याला कोण उभं राहू देतंय?" त्यांनी ग्रामपंचायतीचा सदस्य धरला होता. चूक काकांची नव्हती. तेव्हापासून 'घरात माणसं किती' असे विचारायला शिकलो. पन्नास प्रश्नांच्या कागदाची पूर्वचाचणी करणारे आम्ही, तीनशे पानांच्या कादंबरीची करत नाही. का? तर म्हणे, ते अनुभवातून आले आहे.

'आमचे दुःख तपासणारे तुम्ही कोण?' हा प्रश्न प्रस्थापितांना विचारण्यासाठी घडला होता. आज तो आपल्याच वाचकाच्या तोंडावर फेकला जातो. आजीने वय विचारले तर तिलाही हेच उत्तर देणार काय? अनुभव लेखकाचा असतो, मान्य. पण तो वाक्यांत उतरला की नाही हे वाचकच सांगू शकतो.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. बाहेरचा वाचक हवा म्हणताच आपल्यातले काही जण हस्तलिखित घेऊन थेट मोठ्या शहरातल्या मोठ्या नावाच्या दारात जाऊन उभे राहतात. तिथून उत्तर येते, 'अनुभव दाहक आहे, पण पटत नाही.' मग पोरगा खचतो, किंवा कथेतली धग कमी करून पुन्हा पाठवतो. दोन्ही वाईट. 'कळले नाही' आणि 'पटले नाही' यांत फरक करायला आपण आपल्या लेखकांना शिकवलेच नाही. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ सालचा. डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून ज्याला कधी जात लपवावी लागली नाही, त्याला त्या कथेतल्या माणसाची घुसमट अतिरंजित वाटू शकते. त्याचे न पटणे ही बागुलांची उणीव नाही, ते त्या वाचकाच्या आयुष्याबद्दलचे विधान आहे. पण तोच वाचक जर म्हणाला, 'या पानावर कोण बोलतोय तेच कळत नाही,' तर त्याची जात, त्याचा पेठेतला पत्ता, सगळे विसरून पान उघडायचे आणि बघायचे. आम्ही तर अशा वाचकाला एकच गोष्ट विचारतो, नेमके कुठे अडलात? बोट पानावर ठेवले तर ऐकतो. 'आमच्याकडे असे होत नाही हो' असे म्हणाला तर चहा पाजतो आणि निरोप देतो.

बाहेरचा वाचक कसा असावा याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे, कवितेतले असले तरी. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेंडुलकर पांढरपेशा जगातले. जे शब्द कळले नाहीत ते त्यांनी कवीलाच विचारले, कवीबरोबर ती वस्ती पायाखाली घातली आणि आपले अज्ञान प्रस्तावनेत लपवले नाही. कळत नाही म्हणून कविता चुकीची, असा निकाल त्यांनी दिला नाही. कळत नाही, सांगा, असे म्हणाले. आणि ढसाळांनीही 'तुम्ही कोण विचारणार' म्हणून दार लावले नाही. त्या पुस्तकातले शब्द नंतर गुळगुळीत झाले का? अजिबात नाही. न कळलेला शब्द आणि न कळलेला प्रसंग, यांत हा फरक आहे. कोल्हापूरच्या वाचकाला वऱ्हाडी शब्द अडला तर अडू द्या, दोन पानांत त्याला सवय होईल. पण नायक तुरुंगात आहे की सुटून घरी आला आहे हेच त्याला कळत नसेल, तर ते बोलीच्या नावावर खपवू नका.

औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले आणि लेखक-वाचक मेळावे भरवले. नाव नीट वाचा, लेखक-वाचक. लेखकाच्या शेजारी वाचकाची खुर्ची होती. आज आपल्या साहित्य संमेलनांत सात खुर्च्या वर आणि वाचक खाली, सतरंजीवर. त्याने फक्त टाळ्या वाजवायच्या.

आणि ज्यांना वाटते की मसुदा दुसऱ्याला दाखवणे म्हणजे कमीपणा, त्यांनी बाबासाहेबांकडे पाहावे. 'द बुद्धा अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. पण त्याचा आधीचा मसुदा १९५१ सालीच 'द बुद्धा अँड हिज गॉस्पेल' या नावाने मोजक्या प्रतींत छापून खासगी वितरणासाठी काढला होता. ज्यांच्या विद्वत्तेपुढे जग झुकले, त्यांचा ग्रंथसुद्धा लोकांपुढे येण्याआधी मोजक्या हातांतून फिरला. आणि आपण? आपण पहिला खर्डा थेट छापखान्यात देतो, कारण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर स्टॉल लावायचा असतो.

वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात हे आपल्याला माहीत आहे. माझ्याबाबतीत जे पाहिले, जे ऐकले, ज्याची शंका आली ते मला सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो, ज्येष्ठ भिक्खूसुद्धा. शंका आली तरी सांगा! पुरावा आणा, मग बोला, असे नाही. लेखकाला यापेक्षा चांगली रीत कुठून शिकायची? आपल्या विहारांत वर्षावासाचे तीन महिने ग्रंथवाचन होते, म्हणजे ऐकणारी माणसे आहेत, बसायची सवय आहे, शांतताही आहे. फक्त आपल्या पोरांचे लिखाण तिथे कोणी नेत नाही.

त्या कादंबरीच्या प्रकरणानंतर आम्ही ते सुरू केले. दर पंधरा दिवसांनी रविवारी, वंदना झाल्यावर, एक कथा किंवा कादंबरीचे एक प्रकरण मोठ्याने वाचायचे. वाचणारा लेखक नसतो, दुसराच कोणी असतो, कारण लेखक आवाजाने कथेतल्या फटी बुजवतो. वाचन संपेपर्यंत आणि चर्चा संपेपर्यंत लेखकाने तोंड उघडायचे नाही. हा नियम फार जड जातो. एकदा एक कवी मध्येच उठून गेला, परत आला नाही. 'कशी वाटली?' हा प्रश्न आमच्याकडे बंद आहे, कारण त्याचे उत्तर 'छान' असेच येते. आम्ही म्हणतो, काय घडले ते तुमच्या शब्दांत सांगा. मग मजा होते. तिघे जण तीन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि लेखक कपाळाला हात लावतो. जिथे तिघांच्या वाटा फुटतात तिथे पानावर खूण करायची. बस्स, उपाय सांगायचा नाही. उपाय सांगायला लागले की प्रत्येक जण स्वतःचीच कथा लिहू लागतो, विशेषतः आमच्यासारखे शिकलेले.

पहिली कथा आमचीच वाचली, म्हटले सुरुवात आपल्यापासून व्हावी. ऊसतोड कामगारांवरची कथा होती आणि आम्हाला तिचा अभिमान होता. नायक संध्याकाळी मुकादमाकडून त्या दिवसाची मजुरी घेतो आणि ती दारूत घालवतो. बायको उपाशी पोरांना घेऊन खोपीत बसते. वाचन संपले. हंगामाहून परतलेली एक ताई मागे बसली होती. ती म्हणाली, "रोजची मजुरी कुठल्या कारखान्यावर मिळती? आमी तर उचल घेऊन जातो. वर्साचं आदीच खाल्लेलं असतंय. तोडलेल्या उसातनं ती फिटती." कथेचा कणाच मोडला. चोरायला पैसाच नव्हता! आम्ही समाजशास्त्र शिकलेले, वेठबिगारीवर निबंध लिहिलेले, आणि कथेत मात्र सिनेमातला दारुडा आणून बसवला. ताईचे ऐकून कथा पुन्हा लिहिली. आता नायक दारू पीत नाही. आजारी पडतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी असल्यामुळे तो पडला की बायकोचाही कोयता थांबतो. उचल मात्र थांबत नाही. पहिल्या कथेत खलनायक नवरा होता. दुसऱ्या कथेत तो कोण आहे हे ताईने आम्हाला दाखवले.

अजून एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या पुरुष लेखकांच्या कथांमधल्या बाया फार रडतात आणि फार कमी काम करतात. महिला मंडळातल्या बायांनी एका कथेवर एवढेच विचारले, "ही बाई सकाळपासून मोर्च्यात आहे, मग रात्री सगळ्यांच्या ताटात भाकरी कुणी वाढली?" लेखकाला उत्तर नव्हते. त्याच्या घरी भाकरी आपोआप येत असावी.

म्हणून वाचक निवडताना फक्त आपल्यासारखेच चार कार्यकर्ते गोळा करू नका. ते शब्द ऐकून टाळ्या देतात. 'संविधान' आले, टाळी. 'मनुवाद' आले, टाळी. ज्याच्या कामाबद्दल लिहिले ते काम करणारा एक जण हवा. एक बाई हवी, शक्यतो एकापेक्षा जास्त. आपल्या समाजाबाहेरचा एक जण हवा, मातंग, भटका, आदिवासी, ओबीसी, मुसलमान कोणीही, कारण आपण ज्या गोष्टी न सांगता गृहीत धरतो त्या त्यालाच अडतात. आणि पुस्तकाचे पैसे घेणारा प्रकाशक यात मोजू नका. तो हस्तलिखित वाचतो की पानांची संख्या, हे त्याने दिलेल्या अंदाजपत्रकावरून कळतेच.

तो तरुण लेखक आता आमच्यावर रागावलेला नाही. निदान तसे म्हणतो. त्याने कादंबरी पुन्हा लिहायला घेतली आहे. नायिका आता १९७८ साली अठरा वर्षांची आहे, लहान वयात लग्न झालेली, आणि आजीने थट्टेत म्हटले होते तसे, जळत्या घरातून पळताना तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांचे पोर आहे. तोच पोरगा पुढे १९९४ला गेटसमोर उभा राहतो. हिशेब जुळला, आणि जाळपोळीचे सगळे प्रकरण बदलावे लागले, कारण रिकाम्या हाताने पळणारी पोर आणि कडेवर लेकरू घेऊन पळणारी आई एका वेगाने पळत नाहीत.

मागच्या रविवारी ते प्रकरण विहारात वाचले. आजी पुढेच बसली होती. वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आजीने विचारले, "दोन दिस ती रानात लपून होती म्हनतोस. पाऊस होता. पोरगं रडलं न्हाई का? रडलं तर ते लोक आवाजानं आले असते. तिनं त्याला गप कसं ठिवलं?"

लेखकाने मान वर केली नाही. वहीच्या समासात लिहून घेतले. नियमाप्रमाणे तो एक शब्दही बोलला नाही.

पुढचे वाचन पंधरा दिवसांनी आहे. त्याने अजून तो परिच्छेद लिहिलेला नाही. काल फोनवर म्हणाला, "दादा, आजींना विचारू का, त्यांनी कसं ठेवलं होतं?"

जय भीम!